पिशवीचा ताळेबंद

प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध कायदा झाला, समारंभांतून कापडी पिशव्यांचे वाटप सुरू झाले आणि निसर्गाचे आपले ऋण फिटले, असे समाधान आपण मानून घेतले. एकदाच वापरून टाकावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरपासून 120 मायक्रॉनहून पातळ पिशव्यांनाही मज्जाव झाला. या बंदीस आमचा विरोध नाही. परंतु एक वस्तू वाईट म्हणून टाकली की तिच्या जागी आलेली दुसरी आपोआप चांगली ठरते, हा जो समज रूढ होऊ पाहत आहे, तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

अशा तपासणीचे एक शास्त्र आहे. 'जीवनचक्र मूल्यमापन' हे त्याचे नाव. कच्चा माल निर्माण झाल्यापासून वस्तू कचऱ्यात जाईपर्यंत तिच्यापायी किती ऊर्जा व पाणी खर्ची पडले, हवेत, पाण्यात व जमिनीत काय मिसळले, याचा हिशेब ते मांडते. 1969 मध्ये कोका-कोला कंपनीने आपल्या पेयाच्या बाटल्या-डब्यांबाबत अमेरिकेत करवून घेतलेला अभ्यास हा त्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. 1997 मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाची चौकट लाभली. पायऱ्या चार: हेतू व हिशेबाची मर्यादा ठरविणे, आवकजावक नोंदणे, तिचे परिणाम मोजणे आणि शेवटी त्या साऱ्याचा अर्थ लावणे. तुलना वस्तूंची नव्हे, तर त्या करीत असलेल्या कामाची करावयाची, हे यातील मुख्य सूत्र. पिशवीस पिशवी तोलावयाची नाही. वर्षभराचा बाजार घरी आणण्यास कोणत्या प्रकारच्या किती पिशव्या लागतील, हे पाहावयाचे.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये असा हिशेब प्रसिद्ध केला. तेथील दुकानांत मिळणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधण्यास साधी सुती पिशवी, केवळ हवामानबदलाचा विचार केला तरी, निदान 52 वेळा वापरावी लागते. सर्व परिणाम धरले तर हा आकडा 7,100 वर जातो. कापूस पिकविण्यापासून कापड विणण्यापर्यंतचा भार तिच्यावर आधीच चढलेला असतो. मग समारंभात मिळालेली आणि कपाटात पडून राहिलेली पिशवी कोणाचे भले करते?

मात्र हा आकडा फडकावून प्लॅस्टिकची तरफदारी करू पाहणाऱ्यांनीही त्या हिशेबाची मर्यादा पाहावी. तेथे प्लॅस्टिकची पिशवी अखेर कचरा भरण्यास वापरली जाते आणि भट्टीत जाळून तिच्यापासून ऊर्जा मिळविली जाते, असे गृहीत धरले आहे. उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा उपद्रव त्यात धरलेलाच नाही. आपल्याकडे तीच पिशवी गटार तुंबविते, गुरांच्या पोटात जाते, पावसाच्या लोंढ्याबरोबर मांडवीतून समुद्र गाठते. जे खाते उघडलेच नाही, त्याची बाकी शून्य दिसणारच! डेन्मार्कचा ताळेबंद गोमंतकाला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यासाठी.

तात्पर्य, आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे जितके घातक, तितकेच घोषणांवर विसंबणेही घातक. हिशेब कोठून सुरू झाला, कोठे थांबला आणि काय वगळले, हे विचारण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. सरकारने पर्यायी वस्तूंच्या खरेदीवर जनतेचा पैसा खर्च करण्यापूर्वी येथील परिस्थितीस धरून असा ताळेबंद मांडावा व तो लोकांपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे. नागरिकांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. घरात आहे तीच पिशवी बाजारास न्यावी, फाटली तर शिवावी आणि फुकट मिळते म्हणून नवी घेऊ नये. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण तिचा ताळेबंद चुकत नव्हता.