पाळी आणण्याची गोळी लिहिण्याआधी

गौरी-गणपती आटोपले की आपल्या दवाखान्यांत पाळी चुकल्याच्या तक्रारी वाढतात. सणासाठी नॉरएथिस्टेरॉन घेऊन पाळी पुढे ढकललेली असते. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत यायला हवी ती पाळी आठवडा उलटला तरी येत नाही. ‘गोळ्यांमुळेच झाले असेल’ असे बाई म्हणते आणि आपणही मान डोलावतो. पाळी लांबवण्याच्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

मग ‘पाळी आणण्याची’ गोळी लिहिली जाते, तीही लघवीची तपासणी न करता. ही सवय आपण सोडलीच पाहिजे. दिवस राहिले असतील तर त्या गोळीने पाळी येत नाही, मोलाचे पंधरा दिवस मात्र हातचे जातात. तपासणी निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल, तर गर्भ नळीत असल्याची शंका धरून त्याच दिवशी पुढे पाठवावे.

अंगावर पाजणारी बाई तर हमखास नजरेतून सुटते. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त अंगावरचे दूध आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच स्तनपानाचा आधार. पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकते. तिची पाळी ‘चुकत’ नाहीच. ‘पोटात काहीतरी हलतंय’ म्हणत ती थेट पाचव्या महिन्यात येते.

2017 पासून सरकारी कार्यक्रमात आलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शनचे दुखणे वेगळे. तीन महिन्यांनी एक सुई, भरवशाची; पण पाळी अनियमित होते, पुढे अनेकींची थांबते. रक्त आत साठतेय या भीतीने बाई पुढच्या डोसला येत नाही. पिशवीचे अस्तर फारसे वाढतच नाही, त्यामुळे साठायला काही नसते, हे पहिल्या सुईच्या वेळीच सांगायचे. सुई बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हेही.

संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही. ती वरचेवर नेणाऱ्या मुलीला उपदेश नको, पर्याय हवा. तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर तेच काम अधिक खात्रीने करते आणि तांबी 380-ए पुढे दहा वर्षे चालते.

हे सगळे बोलताना सासू, आई किंवा नवऱ्याला बाहेर बसवा. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न नको. शेवटच्या पाळीची तारीख आणि त्यानंतर संबंध आला का, एवढे पुरते. गर्भनिरोधक फसून राहिलेला गर्भ 20 आठवड्यांपर्यंत कायद्याने काढून घेण्याची वाट 2021 च्या दुरुस्तीने अविवाहितेलाही खुली केली आहे आणि तिची ओळख गुप्त ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे.