घाट चढायचा, पण कुणाच्या भरवशावर?

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या मैत्रिणीच्या अल्बममध्ये युंगफ्राऊचा फोटो हमखास असतो. पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि मागं बर्फच बर्फ. तिथं वर जाणाऱ्या आगगाडीच्या एका वाटेवर ग्रिंडेलवाल्ड नावाचं गाव आहे. आपल्या सहली तिथून पुढं निघून जातात. पण त्याच गावातून एक अरुंद डांबरी रस्ता डोंगरात चढतो आणि ग्रोसे शायडेग नावाच्या खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात, मायरिंगेनला उतरतो. आज त्या रस्त्याबद्दल बोलायचंय.

खिंडीची उंची १९६२ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं जास्त. गावातून पायी निघालं तर तीन-साडेतीन तासांची चढण. एका अंगाला वेटरहॉर्नचा उभा कडा, कुरणात चरणाऱ्या गायी, त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. पलीकडे उतरताना झाडी, ओढे आणि शेवटी रायखेनबाखचा तो धबधबा, जिथं कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला कथेपुरतं मारून टाकलं होतं! खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. बस जाते. बाकी चालणारे आणि सायकलवाले. त्यात शाळकरी मुली असतात, आज्या असतात, एकट्या निघालेल्या बायकाही असतात.

त्यांच्या धाडसाचं कौतुक करून आपण मोकळ्या होऊ. पण खरी गंमत धाडसात नाहीच. जागोजागी पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते. खिंडीला किती तास, पुढच्या गावाला किती. (आपल्यालाही दिवस असाच कळतो, नाही का? नळ किती वाजता जाणार, शाळा किती वाजता सुटणार.) वाट अवघड असेल तर पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा. दमलात तर बस आहे, आणि ती कधी येणार हे थांब्यावर लिहिलेलं आहे. वर बसायला जागा, गरम सूप आणि स्वच्छ संडास. हो, संडास! आपल्या मुली सहलीला पाणी न पिता जातात, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे लिहायलाच हवी.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. पायवाटा सांभाळण्याची जबाबदारी त्या देशानं १९७९ साली सार्वमत घेऊन थेट राज्यघटनेत घातली. खुणा केलेल्या वाटा आज पासष्ट हजार किलोमीटरच्या घरात आहेत. २०१८ साली सायकलवाटांनाही तोच मान मिळाला, तेव्हा जवळपास ७४ टक्के लोकांनी होकार दिला.

म्हणून स्विस लोक बायकांच्या बाबतीत फार पुढारलेले होते, असं मात्र समजू नका. देशपातळीवर बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९७१ साली, आपल्यानंतर वीसहून जास्त वर्षांनी. तिथल्या आल्पाइन क्लबनं १९०७ मध्ये बायकांना दारं बंद केली. बायकांनी १९१८ मध्ये स्वतःचा क्लब काढला. दोन्ही एक व्हायला १९८० उजाडलं. एलिझाबेथ ली ब्लाँड ही गिर्यारोहक गावातून निघताना लोकलाजेखातर परकर नेसायची आणि गाव नजरेआड झालं की तो काढून ठेवून विजारीवर चढायची. एकदा परकर मागं राहिला म्हणून तिला परत फिरावं लागलं, असा किस्सा सांगतात. एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल ही अमेरिकन लेखिका तर सायकलवरून आल्प्सच्या एकामागून एक खिंडी ओलांडून गेली. तिचं त्यावरचं पुस्तक १८९८ सालचं आहे! गिअर नाहीत, ब्रेक यथातथाच. त्या काळी सायकलवाले उतारावर वेग आवरायला मागं झाडाची फांदी बांधत.

आता आपल्याकडे या. आंबोली, कुंभार्ली, वरंधा... घाट आपल्याला काय कमी आहेत? देश आणि कोकण जोडणाऱ्या जुन्या घाटवाटांनी बायका पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर बोजा घेऊन चढल्या-उतरल्या. तेव्हा कुणी ‘एकटी कशी गं जातेस?’ म्हणून अडवलं नाही, कारण ते काम होतं. तीच वाट नुसत्या हौसेनं चढायची म्हटली की सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना काळजी वाटू लागते. ती काळजी अगदीच खोटी असते असं नाही. पाटी नाही, फोनला रेंज नाही, आडोसा नाही, पावसाळ्यात धबधब्याखाली दारूच्या बाटल्या आणि टवाळ पोरं. अशा ठिकाणी मुलीला ‘धीट हो’ एवढंच सांगून कसं चालेल? आणि तिला घरी बसवून ठेवणं तर त्याहून सोपं. त्यात पाटी लावावी लागत नाही, संडास बांधावा लागत नाही, की बस सोडावी लागत नाही.

स्वित्झर्लंडएवढा पैसा आपल्याकडे नाही, हे कबूल. पण चार पाट्यांना, एका वेळापत्रकाला आणि पाण्याची सोय असलेल्या दोन संडासांना किती लागतो? ग्रामसभेत हा विषय पुरुष काढणार नाहीत. त्यांची अडचण होत नाही ना! तो आपणच काढायला हवा. आधी एवढं करा. येत्या रविवारी दोघी-तिघी मिळून जवळच्या घाटाच्या पायथ्याशी जा. वर पोचायला किती वेळ लागतो आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे कुठं लिहिलेलं दिसतं का ते बघा, आणि आम्हाला कळवा.