बिल कमी करायला आणखी एक मीटर?

मे महिन्याचं बिल हातात आलं की पहिला संशय मीटरवर येतो, दुसरा एसीवर आणि तिसरा घरातल्या मुलांवर. खोलीतला दिवा कुणी चालू ठेवला यावरून जेवताना वाद होतो. वास्तविक नऊ वॅटचा एलईडी दिवा दहा तास विसरला तरी युनिटचा दहावा भागही जळत नाही. वीज कुठे जाते याबद्दलचे आपले अंदाज असे चुकतात, आणि म्हणूनच घरातला वापर क्षणोक्षणी दाखवणाऱ्या मॉनिटरचा मोह पडतो. मोह रास्त आहे. पण तो घ्यावा की नाही हे ज्याच्या त्याच्या बिलावरच ठरतं, आणि हिशेब तिथूनच सुरू करायला हवा.

महावितरणचा २०२४-२५ सालचा घरगुती दर पाहा. पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटना थेट १० रुपये २९ पैसे, आणि ३०१ ते ५०० या टप्प्यात १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, चढत्या पायऱ्या मात्र कायम आहेत. वाचवलेलं युनिट नेहमी सर्वात वरच्या, म्हणजे सर्वात महागड्या पायरीवरून कमी होतं. त्यामुळे ८० युनिट वापरणाऱ्या घराला एक युनिट वाचवून साधारण पावणेसात रुपये मिळतात, १५० वाल्याला तेरा, तर ४०० वाल्याला अठरा.

आता पाच हजारांचा मॉनिटर घेतला असं धरा. ऐंशी युनिटच्या घराने कसोशीने महिन्याला दहा युनिट वाचवले तरी पैसे वसूल व्हायला सहा वर्षं लागतील, आणि तेवढा काळ ते यंत्र टिकेलच याची खात्री नाही. चारशे युनिटच्या घराने दहा टक्के वाचवले तर तेच पैसे सात महिन्यांत सुटतात. जाहिरातीत हा फरक दिसत नाही. तिथे सगळी घरं सारखीच असतात.

मग कमी वापराच्या घराने काय करावं? त्याच्याकडे एक मॉनिटर आधीपासूनच आहे. वीज कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि किती लुकलुकींना एक युनिट होतं तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. आईच्या घरी तो ३२०० आहे. तिथल्या मीटरसाठी ११२५ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणीचे वॅट मिळतात. एका रात्री आम्ही पंखे, दिवे, टीव्ही सगळं बंद केलं, फ्रीजचा प्लग काढला आणि मी मोबाइलवरचं घड्याळ लावून जिन्यात उभा राहिलो. दिवा दर पंचवीस सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे सगळं ‘बंद’ असताना ४५ वॅट चालूच होते. चोवीस तास, महिनाभर धरले तर ३२ युनिट. एकेक प्लग काढत गेलो. सेट टॉप बॉक्स, राउटर, पाण्याचा फिल्टर यांचा वाटा थोडा थोडा होता. खरा खाणारा निघाला इन्व्हर्टर. त्याची बॅटरी जुनी झाली होती, पूर्ण भरतच नव्हती आणि दिवसरात्र वीज ओढत होती. या शोधाला एक रुपयाही लागला नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे प्लगमध्ये खोचायचा छोटा मीटर. तो हजाराच्या आसपास मिळतो आणि एका उपकरणाचा नेमका हिशेब देतो. फ्रीज पाच मिनिटं मोजून काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. निदान पूर्ण एक दिवस तरी मोजावा. आईच्या फ्रीजने एका दिवसात २.६ युनिट घेतले. दारात कागद धरून दार लावलं तर कागद सहज ओढला गेला, म्हणजे रबर सैल झालं होतं. ते बदलल्यावर आकडा १.९वर आला. महिन्याला २१ युनिट कमी झाले, आणि नवा फ्रीज घेण्याचा विचार दोन वर्षं पुढे गेला. असा मीटर घेताना तो किती अँपिअरचा आहे हे मात्र जरूर पाहा. दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर दोन हजार वॅटचा गीझर रोज चालवणं म्हणजे प्लग तापवणं आहे. गीझर आणि एसीसाठी सोळाचाच हवा.

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण पेटीत बसणारे, वायरीभोवती चिमटा लावायचे मॉनिटर खरे उपयोगी पडतात ते दोन एसी, गीझर, पंप किंवा छतावर सोलर असलेल्या घरांना. त्यातही पारख लागते. काही स्वस्त मॉनिटर फक्त करंट मोजतात आणि व्होल्टेज कायम २३० धरून चालतात. जुन्या पंपाचा किंवा पंख्याचा पॉवर फॅक्टर कमी असला की ते वापर फुगवून दाखवतात. व्होल्टेजही मोजणारा घ्यावा. थ्री फेज जोडणी असेल तर तीन चिमटे लागतात. चिमटा फक्त फेजच्या वायरीभोवतीच लावायचा, न्यूट्रलही आत घेतला तर आकडा शून्यच दिसतो. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते. ‘एका चिमट्यावरून सगळी उपकरणं ओळखतो’ या दाव्यावर फार विसंबू नये, गीझर आणि इस्त्रीत अशी यंत्रं गफलत करतात. शिवाय घर कधी रिकामं असतं हेही त्या आलेखात स्पष्ट दिसतं. ती माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाते, आणि कंपनी उद्या बंद पडली तर यंत्र चालेल का, हे विकत घेण्याआधी विचारायला हवं.

मॉनिटरच्या बाजूनेही सबळ पुरावा आहे. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वापर थेट डोळ्यांसमोर दिसल्याने ५ ते १५ टक्के बचत होते असं आढळलं. आपल्याकडे पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या घरांत मीटर बसवून प्रत्यक्ष वापर नोंदवण्याचं मोलाचं काम केलं आहे. पण डार्बी यांच्या आढाव्यातले प्रयोग मुख्यतः थंड देशांतले होते. आपल्याकडे घर तापवण्याचा खर्च जवळपास नाही, म्हणून ती टक्केवारी जशीच्या तशी उचलू नये. आणि पहिल्या दोन महिन्यांचं कुतूहल ओसरलं की आलेख कोण उघडतं? सवय बदलली किंवा वस्तू दुरुस्त झाली तरच बचत टिकते.

माझ्या मते बहुतेक घरांना हे यंत्र कायमचं नको, काही आठवड्यांपुरतं हवं. आणि कायमचं जे हवं ते स्मार्ट मीटरमध्ये आहेच. महाराष्ट्रात या मीटरना विरोध झाला, बिल वाढण्याची भीती लोकांनी बोलून दाखवली आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण मीटर बसलाच असेल तर त्याच्या नोंदी आपल्या आहेत. टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणाऱ्या मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही ठरली आहे. वॉशिंग मशीन आणि पंप त्या वेळेत आणता येतात का हे ॲपमधल्या तासागणिक नोंदींवरून फुकट कळतं. त्या नोंदी सोप्या मराठीत, सहज दिसतील अशा मिळाव्यात यासाठी वीज कंपन्यांच्या मागे लागणं मला नव्या खरेदीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आमच्या इमारतीने वर्गणी काढून सोळा अँपिअरचा एकच प्लग मीटर घेतला आहे. सोबत एक वही आहे, तीत उपकरण, तारीख आणि युनिट लिहून ठेवायचे. सध्या तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. त्यांचा फ्रीज अठरा वर्षांचा आहे आणि तो मोडीत काढायचा की रबर बदलायचं, हे रविवारी ठरणार आहे.