लढा आपला, पेपर मुलाचा

दहावीची परीक्षा जवळ आली की बेळगाव आणि आसपासच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "मराठीचे काय, ती आपलीच भाषा. आणि कन्नडमध्ये पास झाला म्हणजे मिळवली." या एका वाक्याने आपण मुलाचे दोन पेपर घालवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी मराठीचे पाहू. कर्नाटकच्या दहावीला प्रथम भाषा 125 गुणांची असते, इतका मोठा वाटा दुसऱ्या कुठल्याच विषयाला नाही. तरीही अभ्यासाच्या वेळापत्रकात मराठी शेवटी येते. आपल्या घरातली बोली कन्नड शब्द मुरवून घेतलेली, ठसकेबाज आहे आणि तिचा आम्हाला अभिमानच आहे. पण उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी लागते. ऱ्हस्व-दीर्घ, पत्राचा मायना, निबंधाचे परिच्छेद हे घरात मराठी बोलल्याने येत नाही, लिहिल्याने येते. रोज एक पान मुलाने घड्याळ लावून लिहावे आणि आजोबा-आजींनी ते तपासावे. या कामाला शिकवणीची फी लागत नाही.

आता कन्नडकडे वळू. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड सक्तीचे झाले. सक्तीला आमचा विरोध होता, आजही आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचे कलम 350-अ सांगते. सरकारी कागदपत्रे मराठीत मिळावीत ही मागणीही आपण सोडलेली नाही. परंतु हा लढा मोठ्यांचा आहे. तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेवर लढायचा नाही. जेवताना आपण कन्नडची टिंगल करतो, तेव्हा त्या विषयात नापास होणे म्हणजे जणू निष्ठाच, असा अर्थ मूल मनात धरते. आपल्या वाडवडिलांनी बाजारात आणि कचेरीत कन्नड चोख वापरले. त्याने त्यांचे मराठीपण तसूभरही कमी झाले नाही. शेजारच्या कन्नड काकूंकडे मुलाला रोज अर्धा तास पाठवा. त्या आनंदाने शिकवतील, आणि शेजारही जुळून राहील.

विज्ञान आणि गणिताची अडचण वेगळी आहे. मराठी माध्यमातले मूल दहावीनंतर पीयूसीला विज्ञान शाखेत गेले की पुस्तके इंग्रजी होतात आणि पहिले काही महिने ते वर्गात गप्प बसते. म्हणून आतापासून एक वही करावी. 'अपवर्तन' शेजारी 'रिफ्रॅक्शन', 'प्रकाशसंश्लेषण' शेजारी 'फोटोसिंथेसिस', अशा जोड्या लिहाव्यात. विषय मराठीतून समजलेला असला की इंग्रजी शब्द चिकटायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला परीक्षेआधीच सांगावी. कर्नाटकात दहावीच्या वर्षाला एकापेक्षा अधिक परीक्षा घेण्याची पद्धत आहे. पहिल्या खेपेला एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया गेले असे होत नाही. निकालाच्या दिवशी सांगितलेला धीर उशिरा पोहोचतो.

हे सारे आम्ही या पत्रकात का लिहितो? कारण मराठी शाळेचा पट सभेतल्या भाषणाने वाढत नाही. शेजारच्या घरातला मुलगा मराठी शाळेत शिकून पुढे गेला हे पाहून पुढचे घर आपले मूल तिथे घालते. तो मागे पडला, की तेच घर इंग्रजी शाळेची वाट धरते. पट घटला की वर्ग जोडले जातात, आणि पुढे शाळेला कुलूप लागते. मग मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चा काढायचा तरी कुणासाठी?

म्हणून गल्लीगल्लीतल्या मंडळांना आमची विनंती आहे. परीक्षा संपेपर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवा. मंडळाचा हॉल संध्याकाळी सात ते दहा उघडा ठेवा, दिवे लावा, आणि निवृत्त गुरुजी-बाईंना मानाने बोलवा. 1 नोव्हेंबरला रस्त्यावर उतरणारे आपण मार्चमध्ये तासभर मुलाशेजारी बसलो, तर तेही सीमालढ्याचेच काम ठरेल.