मोहफूल घरात किती ठेवावं?

मृग लागायला आठवडा राहिला होता. धानाच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कशी करायची, ते दाखवायला साकोली तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. काम आटोपलं, चहा झाला. ज्या पडवीत बसलो होतो त्या घरची आजी म्हणाली, "सायेब, धानाचं समजलं. आता मोहाचं सांगा. घरी किती ठेवावा?"

आजीने आत नेऊन दाखवलं. एक शेणाने लिंपलेली कणगी भरलेली, आणि भिंतीला टेकून एक पोतं. पोत्यात हात घातला तर फुलं बोटांना चिकटून वर आली. वास थोडा आंबूस. मी म्हटलं, "आजी, हे पोतं काही पोळ्यापर्यंत टिकत नाही." ती म्हणाली, "म्हणून तं विचारलं जी."

शेतकरी बंधू-भगिनींनो, धान किती ठेवायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मोहाचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. घरच्या बाया आणि पोरं मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात झाडाखाली जातात, वाकून वाकून एक एक फूल वेचतात. चार-पाच किलो ओलं फूल वाळवावं तेव्हा किलोभर सुकं हाती येतं. एवढ्या कष्टाचा माल निम्मा एप्रिलमध्ये दारावर आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात जातो, आणि उरलेला पावसाळ्यात बुरसतो.

आधी घरापुरतं बघू. पाच माणसांचं घर आहे, आठवड्यातून दोनदा मोह खाण्यात येतो असं धरा. कुणी केसर काढून, भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करतं, कुणी पिठात मिसळून भाकरी करतं. एका वेळी पाव किलो सुकं फूल पुरे. महिन्याला दोन किलो झालं. नवा मोह पडेपर्यंत दहा महिने, म्हणजे वीस किलो. पाहुणा, सणवार, देवाचं म्हणून आणखी पाच धरा. पंचवीस किलो. आजीने बोटांवर मोजून पाहिलं आणि कणगीकडे बघून हसली. तिच्याकडे त्याच्या तिप्पट तरी होतं.

मग बाकीचं कशासाठी? पावसाळ्यात भाव चढतो म्हणून ठेवलं, असं घरोघरी सांगतात. ते खोटं नाही. पण भाव चढला तरी पैसा वाढतोच असं नाही. समजा शंभर किलो फूल आहे, पण ते नीट सुकलेलं नाही, त्यात शेकडा तीस पाणी आहे. ते शेकडा पंधरापर्यंत वाळलं की वजन ब्याऐंशी किलोच भरतं. अठरा किलो हवेत गेले. एप्रिलमध्ये तीस रुपयांनी विकलं असतं तर तीन हजार आले असते, आता तेवढेच यायला किलोला साडेछत्तीस रुपये भाव मिळाला पाहिजे. त्यात बुरशी लागली तर तेही नाही. तीस रुपये हा आकडा मी उगाच घेतला नाही. केंद्र सरकारने २०२० साली सुक्या मोहफुलाचा किमान आधारभूत भाव सतरा रुपयांवरून तीसवर नेला होता. दारावर येणाऱ्याने त्याखाली भाव सांगितला तर निदान आपल्याला कळावं, एवढ्यासाठी तो लक्षात ठेवा.

इथे माझीच एक चूक सांगून टाकतो. नोकरी नवी होती. एका गावात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मोह प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवा, हवा लागणार नाही. लोकांनी ऐकलं. फुलं पुरती सुकली आहेत की नाही ते मी पाहिलंच नाही. महिन्याभराने पिशव्या फुगल्या आणि उघडल्या तेव्हा घरभर भट्टीचा वास. सुक्या मोहात निम्म्याहून जास्त साखर असते. तिला थोडी ओल मिळाली की ती आंबणारच, पिशवी बांधा नाही तर पेटीत ठेवा. एका बाईने मला तोंडावर विचारलं, "सायेब, तुमी मोह टिकवाले सांगितलं का दारू गाळाले?" आजही त्या गावाला गेलो की मान खाली जाते.

तर आधी सुकवणं. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करू नका. आग जंगलात शिरते, झाडाचं खोड भाजतं आणि फुलाला राख-माती लागते. जुन्या साड्या नाही तर जाळी बांधा, फूल स्वच्छ पडतं. खळ्यावर मातीत न पसरता ताडपत्रीवर पातळ थर द्या, तीन-चार दिवस कडक ऊन दाखवा, संध्याकाळी झाकून ठेवा. मूठभर फूल आवळून सोडलं आणि गोळा न होता ते सुटं पडलं, तर सुकलं. मग जाड पिशवीत भरून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा लाकडाच्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. श्रावणात उघडीप मिळाली तर एकदा ऊन द्या आणि गार झाल्यावरच परत भरा. गरम फूल भरलं की डब्याला आतून घाम सुटतो. बुरसलेलं फूल बैलालाही घालू नका.

आता जे आजीने पडवीत सांगितलं नाही, आत सांगितलं. "धाकटा रात्री कणगीतून काढते. सडवा घालते." म्हणजे घरात किती ठेवावं या प्रश्नाच्या पोटात हा दुसरा प्रश्न होता.

मोहाची दारू आपल्या भागात देवाच्या पूजेला लागते, लग्नाला लागते, हे मला माहीत आहे. तोंड वेंगाडून उपदेश करणाऱ्यांतला मी नाही. पण कायदा माहीत असावा. फूल वेचणं, साठवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली उठवले, त्यामुळे कणगीभर फुलासाठी कोणाला भ्यायचं कारण नाही. सडवा घालणं आणि दारू गाळणं मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हाच आहे. परमुलखात नियम वेगळे. अमेरिकेत सफरचंदाचा रस आंबवून सायडर करतात. तिथे घरी पिण्यापुरती दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर करायची मुभा आहे. इंग्लंडात तर शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरमध्ये द्यायचे. १८८७ च्या कायद्याने ते बंद झालं. शिवाय अमेरिकेतली ती मुभा नुसत्या आंबवलेल्या पेयाला आहे, भट्टीवर गाळलेल्या दारूला नाही.

आजीला यातलं सफरचंद समजलं नाही, मजुरीचं लगेच समजलं. म्हणाली, "वेचते मी, वाळवते सून, अन् पिते तो."

तिच्या घरचा निकाल आम्ही तिथेच बसून लावला. पोतं त्याच दिवशी उन्हात पसरलं. आंबलेलं वेगळं काढलं, ते सात-आठ किलो निघालं, शेणखताच्या खड्ड्यात गेलं. कणगीतलं पंचवीस किलो घरासाठी, पाच-पाच किलोच्या पिशव्यांत, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्यांना ओल लागत नाही आणि किती उरलं ते मोजायला सोपं. राहिलेलं विकायचं, पण सगळं एकदम नाही. निम्मं आता, धानाच्या रोवणीच्या खर्चाला, निम्मं पोळ्याच्या आधी, तेही मूठ आवळून पाहून.

पिशव्या ठेवायला सुनेने माहेरून आलेली पत्र्याची पेटी रिकामी केली. मी म्हटलं, कणगी काय वाईट होती, लिंपलेली तर आहे. आजी पेटीची कडी लावत म्हणाली, "कणगीले कुलूप लागत नाही जी."