समुद्राकडे पाठ केलेला ड्यूक

होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर ड्यूक काहानामोकू यांचा ९ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. स्वागतासाठी पसरलेले हात, मागे सर्फिंगची उंच फळी आणि हातांवर फुलांचे हार. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९० मध्ये, उभारलेल्या या पुतळ्यावर एक आक्षेप घेतला जातो : त्याची पाठ समुद्राकडे आहे. समुद्राला पाठ दाखवू नये, हा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा पहिला धडा. मग त्या विद्येच्या सर्वांत मोठ्या गुरूने रस्त्याकडे तोंड करून का उभे राहावे?

स्वागत करणारा ड्यूक पाहुण्यांकडेच पाहणार, हे समर्थन वरकरणी पटते. पर्यटकाच्या छायाचित्रात पुतळ्यामागे समुद्र येतो, ही सोयही आहेच. परंतु वाद केवळ दिशेचा नाही. बेटांचा वारसा कोणासाठी मांडला जातो, हा खरा प्रश्न आहे.

१८९० मध्ये ड्यूक जन्मले तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. १८९३ मध्ये प्रामुख्याने अमेरिकी हितसंबंधीयांनी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. मिशनऱ्यांची नापसंती आणि बाहेरून आलेल्या रोगांनी घटलेली लोकसंख्या यांमुळे लाटांवरचा पूर्वापार खेळ क्षीण झाला होता. तो पुन्हा बहरला त्यात वायकिकीच्या तरुणांचा मोठा वाटा होता, ड्यूक त्यांच्यातलेच. १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले, ते मात्र अमेरिकेच्या नावावर. १९१४-१५ च्या दौऱ्यात त्यांनी सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर सर्फिंगचे प्रात्यक्षिक दाखवले. तेथे १९९४ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा फळीवर स्वार झालेला आहे. परक्या भूमीने त्यांचे कौशल्य कोरले, मायभूमीने त्यांचे आतिथ्य. आतिथ्य हाही त्यांचा खरा गुण होता. पण वायकिकीत तो पर्यटन व्यवसायाचे भांडवल ठरला.

राजकीय पेच आजही सुटलेला नाही. राज्य उलथवण्यातील सहभागाबद्दल अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये माफी मागितली. गेलेली सत्ता मात्र परत आली नाही. सर्फिंगच्या व्यावसायिक स्पर्धांत हवाईचे खेळाडू स्वतःच्या ध्वजाखाली उतरतात, ऑलिंपिकमध्ये नाही. त्यामुळे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाने पदार्पण केले आणि होनोलुलूच्या करिसा मूर यांनी महिलांचे पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तेही अमेरिकेच्याच खात्यात जमा झाले.

पुतळ्यामागची वाळूही वाहून जात आहे. २०१२ आणि २०२१ मध्ये समुद्रतळाची वाळू उपसून वायकिकीचा किनारा पुन्हा भरावा लागला. स्मारकाची दिशा बदलणे तुलनेने सोपे; किनारा टिकवणे आणि त्यावर मूळ रहिवाशांचा अधिकार मानणे अवघड. ड्यूक यांचा सन्मान या अवघड कामावरच जोखला जाईल.