कृती दिली, हात कुठं दिला?



पंचवटीतल्या एका वहिनींनी परवा मला देवळाच्या पायऱ्यांवरच गाठलं. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “ताई, आमच्या धाकट्यानं नोकरी सांभाळून, रात्री जागून कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवला. चार पैसेही मिळाले. आता म्हणतो, त्याचा ‘सोर्स कोड’ सगळ्यांना खुला करतो. कष्टाची वस्तू अशी कुणी वाटून टाकतं का हो?”

काळजी रास्त आहे. पण सोर्स कोड म्हणजे काय, ते आधी पाहू. दुकानातली मसाल्याची पुडी आपण वापरतो. आत काय, किती आणि कसं भाजलंय, ते कळत नाही. विकत घेतलेला खेळ म्हणजे ती पुडी. सोर्स कोड म्हणजे करणाऱ्याची वही. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, ते सारं तिच्यात ओळीनं लिहिलेलं असतं.

असं करणारा हा मुलगा काही पहिला नव्हे. टेरी कॅव्हनॉ या आयरिश गृहस्थानं जानेवारी २०१० मध्ये एक छोटा खेळ काढला. इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा, एवढंच त्याचं नाव. दहा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, त्यानं कोड खुला केला. लोक पाहतात तर आत हा पसारा! ‘असं झालं तर तसं कर’ अशा शेकडो सूचना एकाच ठिकाणी कोंबलेल्या. पण नवशिक्यांना धीर आला, की विस्कटलेल्या ओट्यावरही सुग्रास स्वयंपाक होतो. पुढं हौशी जाणकारांनी चुका निस्तरल्या आणि २०२४ च्या आवृत्तीत तो खेळ अनेक भाषांत आला.

म्हणून काही त्यानं घर लुटवलं नाही, बरं का! शिका, बदला, पण परवानगीवाचून विकू नका, अशी अट घातली. चित्रं-संगीतही कोडाबरोबर दिलं नाही.

तेव्हा वहिनींना म्हटलं, मुलाला अडवू नका, एवढंच विचारा: अटी लेखी आहेत ना? अटींशिवाय कोड नुसता ठेवला, तर तो वापरायचा हक्क कायद्यानं कुणालाच मिळत नाही. आणि एकदा दिलेली परवानगी सहसा मागे घेता येत नाही. संगीत, चित्रं दुसऱ्या कुणाची असतील तर त्यांना विचारलं का? कोडात कुठं पासवर्ड राहिलेत का?

आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यात सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत राबून हातभार लावला. पुढं १९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात हेच दाखवणारी फिल्म काढली. म्हणून त्यांचा मान कमी झाला का?

उलट माझ्या सासूबाई. त्यांच्या काळ्या मसाल्याची कृती त्यांनी कुणाला दिली नाही. त्या गेल्या, आणि मसालाही गेला. खेळांचंही तसंच. मशीन बदलतं, जुना खेळ चालेनासा होतो. वही उघडी असेल तर कुणीतरी तो पुन्हा चालता करू शकतं.

वहिनी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लोणच्याचं प्रमाण मीही सुनेला अजून सांगितलेलं नाही.”

आणि तुम्ही?